सापाच्या टाकीत झाड लावण्याआधी जुलै महिना आठवा

आजचा भाग साप पाळणाऱ्यांसाठी आहे, आणि जे अजून नुसते रील बघून विचार करतायत त्यांच्यासाठी तर जास्तच आहे. विषय म्हणाल तर छोटा: सापाच्या काचेच्या टाकीत, म्हणजे टेरेरियममध्ये, खरी झाडं लावायची तर कुठली लावायची? भिवंडीतून हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो. कुणाला फर्न लावायचंय, कुणाला शेवाळाची हिरवी गादी हवीय, कुणी परदेशी व्हिडिओचा स्क्रीनशॉट पाठवून विचारतं, "असंच करायचंय, काय काय आणू?"

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना बस पकडायचीय त्यांनी एवढं ऐकलं तरी चालेल. झाड निवडताना आधी साप बघा, मग आपल्या खोलीतला जुलै महिना बघा, आणि झाडाचा फोटो सगळ्यात शेवटी बघा. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात, आणि त्याची किंमत सापाला मोजावी लागते.

झाडांकडे जायच्या आधी दोन मिनिटं कायद्यावर. कंटाळू नका, हे महत्त्वाचं आहे.

आपल्याकडे गोदामं भरपूर. गोदामात उंदीर, आणि उंदरामागे धामण. त्यामुळे भिवंडीच्या पोरांना साप दिसणं काही नवीन नाही. पण धामण, नाग, घोणस, अजगर, मांडूळ हे आपल्या मातीतले साप वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या संरक्षणाखाली आहेत. पकडून बरणीत, पेटीत, टाकीत ठेवणं हा गुन्हा आहे. "मी त्याला छान झाडं लावून ठेवलंय" हे कारण चालत नाही. मांडुळाच्या नावावर गुप्तधन आणि नशीब विकणारे तर थेट तस्कर असतात, त्यांच्या नादाला लागू नका. घरात साप निघाला तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

मग पाळतात ते कुठले? आपल्याकडे जास्त करून दोन नावं ऐकू येतात: बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला. बॉल पायथन साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. त्यानुसार असा प्राणी ताब्यात आला की ३० दिवसांच्या आत परिवेश पोर्टलवर नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. विकणारा म्हणाला "कागद लागत नाही भाई", तर तिथूनच मागे फिरा. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, पण म्हणून तो बॅगेत घालून आणता येतो असं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किट-केकच्या पाकिटांत लपवलेले ११ साप सापडले होते. त्यात ९ बॉल पायथन होते आणि २ कॉर्न स्नेक. पाकिटात कोंबून आलेला असा एखादा साप उद्या कुणाच्या तरी सुंदर टाकीत "स्वस्तात मिळाला" म्हणून बसतो. तेव्हा साप कुठून आला हे आधी विचारा, मनीप्लांट नंतर.

बरं. आता टाकीकडे या.

यूट्यूबवर जे सुंदर सेटअप दिसतात ते बहुतेक जर्मनी, इंग्लंड, अमेरिकेतल्या घरांमधले असतात. तिथे हिवाळ्यात घरं आतून गरम करतात, त्यामुळे खोलीतली हवा कोरडी पडते. त्यांची सगळी धडपड असते ती टाकीत दमटपणा वाढवण्यासाठी. म्हणून भरपूर फर्न, ओलं शेवाळ, दिवसातून दोनदा फवारा. त्यांच्या घरासाठी ते बरोबर आहे. आपण तेच जुलैत शांतीनगरच्या किंवा कामतघरच्या खोलीत केलं तर? बाहेर हवेतली आर्द्रता ८०-८५ टक्क्यांवर, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशी पण ओलसर, पिठाच्या डब्यात गुठळ्या. आणि आपण टाकीत अजून पाणी मारतोय!

सापाला याचा त्रास दोन ठिकाणी होतो. एक, कातडीला. सतत ओल्या जमिनीवर पोट घासलं की पोटाखालच्या खवल्यांवर तपकिरी किंवा लालसर डाग येतात, फोड येतात. याला स्केल रॉट म्हणतात. दुसरा त्रास फुप्फुसांना. ओल, कोंदट हवा आणि कमी पडलेली ऊब एकत्र आली की श्वसनाचा संसर्ग होतो. साप तोंड उघडं ठेवून श्वास घेतो, शिट्टीसारखा आवाज येतो, नाकातोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ दिसते. असं दिसलं तर घरगुती उपाय नकोत. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा व्हेट शोधायचा, त्याच दिवशी. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर साप बघत नाहीत, म्हणून असा डॉक्टर साप आणण्याआधीच शोधून नंबर सेव्ह करून ठेवा.

आता आकडे. बॉल पायथनला साधारण ५५ ते ७५ टक्के आर्द्रता लागते. टाकीची एक बाजू ३१ ते ३३ अंश गरम, दुसरी २५ ते २७ अंश थंड. कॉर्न स्नेकला थोडी कमी आर्द्रता चालते, ४० ते ६० टक्के, आणि गरम बाजू २९ ते ३१ अंश. आता तुमच्या खोलीत खरोखर किती आहे ते बघा. डिजिटल थर्मामीटर-हायग्रोमीटर दोन घ्या, टाकीच्या दोन्ही टोकांना एकेक ठेवा. रिकाम्या टाकीत एक आठवडा सकाळ, दुपार, रात्र आकडे वहीत लिहा. झाडाचे पैसे त्यानंतर खर्च करा.

हे केलं की लक्षात येतं की भिवंडीत वर्षाचे तीन वेगळे प्रश्न आहेत. पावसाळ्यात आर्द्रता जास्त. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार आणि हवा कोरडी. तेव्हा कात एकसंध न निघता तुकड्यातुकड्यात निघते. आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छताखालची खोली भट्टी होते, तेव्हा थंड बाजू थंड राहतच नाही. आपल्याला झाड असं हवं जे या तिन्हीत तग धरेल आणि ज्याला पाणी कमी लागतं. म्हणजे पावसाळ्यात पाणी बंद ठेवलं तरी ते मरणार नाही, आणि हिवाळ्यात मातीत थोडं पाणी दिलं की टाकीला ओलावा मिळेल.

आता सापाप्रमाणे झाड.

बॉल पायथन आधी. हा जमिनीवरचा साप. आफ्रिकेत उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत लपून बसतो. त्याची मोठी मादी दीड किलो किंवा त्याहून जास्त भरते. दीड किलो साखरेची पिशवी फर्नच्या पानांवर रोज रात्री ओढत न्या आणि आठवड्याने फर्न बघा. काही उरत नाही. म्हणून त्याच्यासाठी पहिली पसंती स्नेक प्लांट. तेच ते उभ्या, जाड, पट्ट्यापट्ट्यांच्या पानांचं, बँकेच्या आणि ऑफिसच्या दारात असतं ते. पान कडक, पाणी कमी, उजेड कमी असला तरी चालतं. दुसरं झेडझेड प्लांट. त्याच्या मुळाशी बटाट्यासारखे कंद असतात, त्यात पाणी साठवतं, म्हणून पाणी विसरलं तरी बिघडत नाही. फक्त ओल्या मातीत ते कुजतं, पण तशी माती आपल्याला सापासाठीही नकोच आहे. तिसरं मनीप्लांट, मागच्या भिंतीवर वर चढवलेलं. खाली जमिनीवर पसरवलं तर साप वेल मोडेल. मोडली तरी तुकडा पाण्याच्या बाटलीत ठेवा, मुळं फुटतात. फुकटात नवीन झाड.

कॉर्न स्नेक हलका असतो, आणि त्याला चढायला आवडतं. त्याच्या टाकीत झाडांना जास्त वाव आहे: मनीप्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट, पेपेरोमिया. पण एक लक्षात ठेवा, वजन झाडावर द्यायचं नाही. चढायला पेरूची वाळलेली जाड फांदी द्या. घासून, गरम पाण्याने धुऊन, कडक उन्हात वाळवून, आणि टाकीत पक्की बसवून. झाडाची पानं त्या फांदीच्या भोवती यायला हवीत, म्हणजे साप वर असताना पानांआड राहील.

कारण झाडाचं खरं काम तेच आहे, आडोसा. साप उघड्यावरून जायला घाबरतो. गरम बाजूच्या बिळातून थंड बाजूच्या बिळात, किंवा पाण्याच्या भांड्याकडे जाताना मध्ये मोकळं मैदान असेल तर तो एकाच जागी दडून राहतो. मग शरीराचं तापमान हवं तसं सांभाळता येत नाही, पचन बिघडतं, खाणं सोडतो. म्हणून झाडं कोपऱ्यात शोभेला ठेवू नका. या बिळापासून त्या बिळापर्यंत वाटेवर ठेवा. अर्थात दोन्ही बाजूंना अंगाला घट्ट बसणारी बिळं हवीतच, झाड बिळाची जागा घेऊ शकत नाही.

आता काय लावायचं नाही.

काटे नकोत. निवडुंग नको, कडेला दात असलेली कोरफड नको. शतावरी फर्न दिसायला मऊ, पण खोडाला बारीक काटे असतात. कात टाकताना सापाची कातडी नाजूक असते आणि डोळ्यांवर पापणी नसते, फक्त पारदर्शक खवला असतो. चीक असलेली झाडं नकोत: रुई, शेर, युफोर्बिया, ख्रिसमसला मिळणारं लाल पानांचं पॉइन्सेटिया. फांदी मोडली की चीक निघतो आणि तो डोळ्याला, तोंडाला झोंबतो. कण्हेर तर अजिबात नको, तिचा सगळा भाग विषारी आहे.

इथे कुणीतरी विचारेलच: मनीप्लांट पण विषारी ना? त्याच्या पानात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की तोंडाची आग होते. मांजर किंवा लहान बाळ पान चावतं. साप पानं खात नाही, त्यामुळे त्याच्यासाठी चालतं. पण घरात रांगतं बाळ असेल तर छाटलेली वेल जमिनीवर टाकून ठेवू नका.

आणि रातराणी, केवडा लावला की "साप खूश होतो" असं आजी सांगते. आजीला नमस्कार, पण साप सुगंधावर भुलत नाही. अशा दाट झुडपांत बेडूक, उंदीर, पाली मिळतात म्हणून तो तिथे दिसतो. बंद टाकीत उग्र वासाच्या फुलांचं काही काम नाही.

आता या भागातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. नर्सरीतून आणलेलं झाड त्याच दिवशी टाकीत लावायचं नाही.

नाशिक हायवेला जाताना रस्त्याच्या कडेला नर्सऱ्या लागतात, झाड छान, टवटवीत, एकही कीड नाही. कीड का नाही? कारण औषध मारलेलं असतं. काही औषधं पानावर राहतात, ती धुऊन निघतात. इमिडाक्लोप्रिडसारखी काही मुळांतून शोषली जाऊन झाडाच्या आत जातात, ती धुऊन निघत नाहीत. कुंडीतल्या मातीत दाणेदार कीटकनाशक असू शकतं, हळूहळू विरघळणाऱ्या खताच्या रंगीत गोळ्या असू शकतात. साप त्या मातीवर पोट घासत फिरतो, जीभ बाहेर काढून त्या मातीचा वास घेतो. बंद टाकीत ते सगळं त्याच्या वाट्याला येतं.

म्हणून असं करा. झाड आणलं की कुंडीतून काढा. मुळांवरची सगळी माती पाण्याखाली धुऊन टाका आणि ती माती टाकीत वापरू नका. पानं दोन्ही बाजूंनी साध्या पाण्याने पुसा. मग स्वच्छ कोकोपीट आणि धुतलेली वाळू अशा मिश्रणात लावून खिडकीत किमान सहा आठवडे ठेवा. नवीन पानं आली, जुनी दोन-चार काढून टाकली, मग टाकीत. त्याहून सोपा रस्ता म्हणजे शेजारच्या काकूंकडून मनीप्लांटची फांदी मागून आणा, "औषध मारलंय का?" एवढं विचारा. माझ्या मते सापासाठी सगळ्यात चांगलं झाड नर्सरीत मिळत नाही, ते कुणाच्या तरी गॅलरीत मिळतं.

औषधावरून अजून एक. झाड टाकीत गेल्यावर कीड लागली तर आत काही फवारू नका, नीमतेल सुद्धा नाही. झाड बाहेर काढा. आणि डासांची अगरबत्ती, लिक्विड मशीन, झुरळांचा स्प्रे ज्या खोलीत टाकी आहे तिथे नको. सरपटणारे प्राणी या औषधांना फार संवेदनशील असतात. डासांसाठी जाळी लावा.

लावायची पद्धत. माझा आग्रह आहे की झाड कुंडीसकट पुरा. छोटी प्लास्टिकची कुंडी, कडा गुळगुळीत, टाकीच्या मातीत काठापर्यंत बुडवायची, बाजूला जड दगड टेकवायचा, वरून वाळलेली पानं पसरायची. फायदे तीन. साप झाड उपटू शकत नाही. झाड आजारी पडलं तर कुंडी उचलून बाहेर. आणि पाणी फक्त कुंडीत घालता येतं, बाकी जमीन कोरडी राहते. सापाला हवा थोडी दमट चालते, पण अंगाखालची जमीन ओली चालत नाही. पिल्लू असेल तर कुंडीची खालची भोकं बारीक जाळीने बंद करा, पिल्लं तिथे अडकतात.

पाणी कधी घालायचं? कुंडीत बोट दोन पेरं घाला. कोरडं लागलं तरच. पावसाळ्यात हे दोन-दोन आठवडे कोरडं लागणार नाही, तेव्हा हात आवरा. आर्द्रता तरी उतरत नसेल तर झाकण जाळीचं करा, जाळीबाहेर कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसवून हवा बाहेर ओढा, आणि झाडं कमी करा. हो, पावसाळ्यात चार कुंड्यांतल्या दोन बाहेर काढून ठेवल्या तरी चालतं. कुंडीसकट पुरायचा हा चौथा फायदा.

उजेडासाठी पांढरा एलईडी, दिवसाला १० ते १२ तास. गरम दिव्याच्या थेट खाली झाड ठेवू नका, पान करपतं. गरम दिवा किंवा मॅट थर्मोस्टॅटशिवाय लावूच नका, आणि मेमध्ये थर्मोस्टॅटवर बारीक लक्ष ठेवा.

आता खास आपल्या गावच्या दोन गोष्टी. पहिली, पिंज. शेजारी पॉवरलूम असेल तर कापसाची बारीक पिंज घरात येते, पानांवर बसते, दिव्याच्या जाळीवर बसते. पानांवर बसली की झाड दमतं. गरम दिव्यावर बसली की आगीचा धोका. आठवड्यातून एकदा पानं ओल्या फडक्याने पुसा, दिवा बंद करून, गार झाल्यावर, त्याची जाळी साफ करा. दुसरी, थरथर. साप जमिनीची थरथर जबड्यातून ओळखतो. ज्या भिंतीपलीकडे लूम चालतात तिला टाकी टेकवू नका. टाकीखाली जाड फोम घाला. झाडं कितीही छान असली आणि खाली जमीन दिवसरात्र हादरत असली, तर साप शांत कसा बसेल?

शेवटचा प्रश्न नेहमी येतो: प्लास्टिकची झाडं चालतील का? चालतील. अगदी चालतील. तारेची टोकं बाहेर आलेली नसावीत, रंग सुटणारा नसावा, महिन्यातून एकदा धुवा. आडोसा तोच मिळतो. खरं झाड हवा "शुद्ध" करेल, शी साफ करेल या भ्रमात राहू नका. झाडं असोत वा नसोत, घाण दिसली की उचलायचीच. खरं झाड लावायचं तर त्याची निगा राखायला तुम्हाला आवडतं म्हणून लावा. वेळ नसेल तर प्लास्टिकच्या चार वेली, दोन घट्ट बिळं, बरोबर तापमान आणि कोरडी जमीन यात बॉल पायथन वीस-पंचवीस वर्षं सुद्धा जगू शकतो.

वीस-पंचवीस वर्षं, मंडळी. आज तुम्ही कॉलेजात असाल, तेव्हा तुमचं मूल शाळेत असेल. साप घेताना हा आकडा डोक्यात ठेवा.

तर या आठवड्याचं काम एवढंच: हायग्रोमीटर लावा, सात दिवसांचे आकडे लिहा, आणि तोपर्यंत एका बाटलीत मनीप्लांटची फांदी ठेवून मुळं फुटतात का बघा. आकडे घेऊन व्हॉइस नोट पाठवा, सापाचं नाव आणि टाकीचं माप सांगायला विसरू नका. पुढच्या भागात टाकीच्या मातीबद्दल बोलू, कोकोपीट किती आणि वाळू किती. तोवर काळजी घ्या, स्वतःची आणि त्याची पण. भेटू!